सल्ला चिठ्ठीवरची सही

एकोणीस सप्टेंबरले, सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी, मी अमरावतीले नोकरीच्या परीक्षेच्या हॉलमध्ये बसली होती. फोन बाहेर जमा केला होता. आणि त्याच मिनिटाले बाभुळगावात लालसिंग भाऊच्या कृषी केंद्रात माझी सही झाली. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मले कोणी येडी म्हणायच्या आधी पूर्ण ऐकून घ्या, कारण आमच्या इकडे लोकं अर्धं ऐकतात आणि बोंबलतात मात्र पूर्ण.

मी प्रियंका रामटेके, बीएस्सी कृषी. आमच्या वस्तीतली पहिली. डिग्री आली त्या दिवशी मायनं खीर केली होती आणि श्रावण मामानं ती डिग्री मांडीवर घेऊन तासभर पाह्यली. मामा म्हणजे मायचा सख्खा भाऊ. बाप गेल्यावर त्यानंच आमाले पाह्यलं, सायकलवर डबल सीट बसवून मले शाळेत नेलं. त्याले लिहिता-वाचता येत नाई. पण त्या दिवशी म्हणे, "याच्यात तुह्यं नाव कोठी हाये, ते दाखव." मी दाखवलं. त्यानं माझ्या नावावरून बोट फिरवलं, दोनदा, चारदा. तेवढं एकच नाव तो वाचायले शिकला.

डिग्री भेटली, पण नोकरी कोठी भेटते? जिकडे जा तिकडे अनुभव मागत. अरे बाप्पा, कोणी ठेवूनच घेत नाई तं अनुभव काय झाडावरून तोडून आणू? दोन वर्षं घरी बसली. मंग लालसिंग भाऊ घरी आले. बाभुळगावच्या बाजारात त्यायचं बियाणं-औषधाचं दुकान. तांड्यावरून येऊन मेहनतीनं उभं केलेलं, म्हून आमाले त्यायचं कौतुक. म्हणे, "बाई, आता नवीन नियम आला. औषधाच्या लायसनसाठी शिकलेला माणूस लागते. मी नववी नापास. तुह्यी डिगरी माह्या दुकानात राहू दे. मी तुले अनुभवाचा दाखला देतो. दुकानात यायचंबी काम नाई."

डिग्री अशी दुकानात टांगायची पद्धत आमच्या भागात कोणाले नवी नव्हती. माझ्या कॉलेजातल्या अर्ध्या पोरायच्या डिग्र्या अशाच कोण्या ना कोण्या भिंतीवर होत्या आणि पोरं घरी झोपा काढत होती. मी हाव म्हटलं. मले फुकटात दाखला भेटत होता, मी कायले नाई म्हणू?

मंग एक दिवस त्यायनं मले बोलावलं. आधार कार्ड घेतलं, मोबाइलसमोर उभं केलं आणि म्हणे, नाव सांग आणि म्हण, अर्ज मीच केला. मी म्हटलं. वीस सेकंदाचा व्हिडिओ झाला. आठ दिवसांनी एक डोंगल आलं, बोटभर, पेन ड्राइव्हवानी. भाऊ म्हणे याच्यात तुह्यी सही हाये. मले हासू आलं. आमच्या घरात सही म्हणजे पेन. आज्यानं जन्मभर आंगठे देल्ले, म्हून माय मले लहानपणापासून सांगे, पोरी, वाचल्याबिगर कोठी सही करू नको. मी कोठीच केली नाई! फक्त पासवर्ड टाकून देल्ला, माझं जन्मसाल. भाऊनं तो चिकटपट्टीवर लिहून कॉम्प्युटरच्या पडद्याखाली चिकटवला आणि डोंगल कॉम्प्युटरले लावून टाकलं. ते तिथीच राह्यलं. दसऱ्याले भाऊनं वजनकाट्यासंगं त्याचीबी पूजा केली, हळद-कुंकू वाह्यलं. कुंकू बारीक फटीत गेलं तं दोन दिवस चाललं नाई, तवा भाऊनं मलेच फोन केला होता, तुह्यी सही बंद पडली म्हून. आमी दोघंबी लय हासलो.

पुढे भाऊले हौस आली. औषध घेणाऱ्या परत्येकाले सल्ला चिठ्ठी, तेही मोबाइलवर. कोणतं औषध, किती, कशासंगं मिसळायचं. खाली नाव: सल्ला देणार, प्रियंका रामटेके, बीएस्सी कृषी. काउंटरवर भाऊ स्वतःच बटन दाबत, की डोंगलमधली माझी सही चिठ्ठीवर होऊन जाय. चिठ्ठी कोणी वाचत नसे, मीबी कधी मांगून पाह्यली नाई. हेच माझं पाप.

पुढच्या साली कापसाची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली. अळी काही जाईना, म्हून लोकं आठ-आठ दिवसाले फवारे मारू लागले. पंपाचा फवारा वर जाय आणि तोंडावर उतरे. ऑगस्ट सरता सरता बातम्या येऊ लागल्या. या गावचा एक भरती, त्या गावचे दोघं. कोणाचे डोळे गेले, कोणी ओकत ओकत गेला. मी पेपर उघडे आणि आधी गावाचं नाव पाहे, मंग बाभुळगावचं तं नाई ना ते पाहे. तवाही मनाले सांगे की आपला काय संबंध, आपून तं घरी बसलेलो.

अमरावतीहून आली त्याच्या दुसऱ्या दिवशी मामा गावातल्या नागोरावच्या वावरात मजुरीनं फवाऱ्यावर होता. दुपारी चारले नागोरावची दोन माणसं मामाले मोटरसायकलवर मधात धरून घेऊन आली. मामाचं तोंड लाळेनं भरलं होतं, अंगातून घामाच्या धारा, आणि दोन्ही डोळे उघडे होते पण मी समोर उभी असून तो म्हणे, "प्रियंका कोठी हाये? दिवा काहून लावला नाई?" बाहेर ऊन होतं. माय वं!

यवतमाळच्या दवाखान्यात वॉर्ड अशाच लोकायनं भरला होता. परत्येकाच्या डोळ्यावर ओली पट्टी. तिथी आवारात नागोराव भेटला. मी त्याच्या अंगावर धावून गेली. "मास्क देल्ला होता का? हातमोजे देल्ले होते का? दोन औषधं एका पंपात टाकायले सांगतलं कोणी?"

नागोरावनं खिशातून फोन काढून समोर धरला. "तूच तं सांगतलं, बाई."

चिठ्ठी होती. दोन औषधायची नावं, एकत्र मिसळून मारावे, आणि खाली माझं नाव. नागोराव म्हणे, "मी तं मिसळायले भेत होतो. मीच म्हटलं श्रावणले, वेगवेगळं मार. तं त्यानं माह्या हातातून फोन घेतला, तुह्या नावावर बोट ठेवलं आन म्हणे, माह्या भाचीनं लिहिलं हाये, ती शिकेल हाये, काही होत नाई."

मी नागोरावले म्हटलं, ही चिठ्ठी मले पाठव. आणि बस पकडून सरळ नसरीनकडे गेली.

नसरीन माझ्यासंगं शाळेत होती. तिचं बाभुळगावात कॉम्प्युटर सेंटर, लोकायचे फॉर्म भरते, कंत्राटदारायचे टेंडर भरते. तिनं चिठ्ठी मोठ्या कॉम्प्युटरवर उघडली. कोपऱ्यात हिरवी टिक आली. तिनं त्याच्यावर दाबलं आणि वाचून दाखवलं. सही वैध आहे. सही झाल्यावर कागदात काही बदल नाई. एकोणीस सप्टेंबर, अकरा बेचाळीस.

"खोटं हाये!" मी ओरडली. "मी तवा अमरावतीले पेपर देऊन राह्यली होती! माझ्याजवळ हॉल तिकीट आहे, त्याच्यावर त्यायचा शिक्का आहे."

"अगं हळू बोल," नसरीन म्हणे. "कॉम्प्युटरले तू कोठी होती ते नाई कळत. डोंगल कोठी होतं ते कळते. आन कायद्यात ही सही आन पेनाची सही सारखीच धरतात. म्हून तं माह्याकडे येणारे कंत्राटदार डोंगल गळ्यात बांधून फिरतात."

"पण बटन मी दाबलं नाई ना."

"मंग कोणी दाबलं? पासवर्ड त्याले कोणी देल्ला?"

"मीच."

"हे पाह्य," ती म्हणे. "डोंगल आपल्याच ताब्यात ठेवा लागते. दुसऱ्याच्या हाती गेलं तं लगेच कळवा लागते, की ही सही बंद करा. तू कळवलं का?"

"नाई."

"कळवलं नाई, तोवर ते तुह्याच माथी. हॉल तिकीट दाखवून वकील भांडन, जिंकनबी कदाचित. पण तू त्याले स्वतःहून देल्लं, प्रियंका. चोरीले नाई गेलं."

आणि मंग एकदम डोक्यात आलं, ते डोंगल तं आत्ताही तिथीच आहे. मी इथी बसली आहे आणि तिथी माझी सही होऊनच राह्यली आहे. मी चप्पल अर्धी पायात, अर्धी हातात घेऊन पळाली. नसरीन मांगून हाका मारत होती.

दुकानात चार गिऱ्हाईकं होती. डिग्री भिंतीवर होती, तिच्या फ्रेमले हार घातलेला. डोंगलचा बारीक लाल दिवा लुकलुक करत होता. भाऊ कोणाले तरी म्हणत होते, चिठ्ठी आली पाह्य मोबाइलवर. मी काउंटरच्या आत घुसली आणि डोंगल ओढून काढलं. फटीत अजून कुंकू होतं.

भाऊनं गिऱ्हाईकं वाटेले लावून देल्ली, शटर अर्धं खाली ओढलं आणि स्टुलावर बसले. मले वाटलं भांडतीन.

"बरं केलं काढलं," ते म्हणे. "परवा चौकशी हाये. अधिकारी दवाखान्यात येऊन राह्यले, जबाब घ्यायले. मले सकायी फोन आलता. बाई, तू तवा परीक्षेले होती ना? मंग सोपं हाये. म्हणजो, सही माही नाई. डोंगल हरवलं होतं, कोणी वापरलं मले माहीत नाई."

"आणि दुकानात कोणी बटन दाबलं?"

"कोणीच नाई. सही खोटी, तं चिठ्ठी खोटी. चिठ्ठीच नाई, तं सल्लाच कोणी देल्ला नाई."

"मंग दोन औषधं मिसळली कोणी?"

भाऊ खाली पाहत म्हणे, "शिकेल नाई तो. आपल्या मनानं मिसळलं असन. होते अशी चूक मजुराकडून. तुह्यी डिगरी वाचन, नोकरी लागन. माह्येबी लेकरं हायेत, बाई."

मले त्यायच्या कानाखाली काढावी वाटली. खोटं कायले बोलू, दुसऱ्या क्षणी असंही वाटलं की चला, सुटली. हे दोन्ही एकाच डोक्यात एकाच वेळी होतं, आणि दुसऱ्याची मले जास्त भीती वाटली. मी भिंतीवरची डिग्री काढली, हार तिथीच फेकला आणि घरी आली.

माय चुलीपाशी बसली होती. दवाखान्यातून डबा घ्यायले आलती. मी तिले सगळं सांगतलं. तिनं पोळी तव्यावर जळू देल्ली. मंग म्हणे, "म्हंजे तुह्यी सही खरी ठरली तं तू अडकते. आन खोटी ठरली तं माह्या भावानं आपल्याच हातानं आपले डोये घालवले, असं लिहितीन."

"हाव."

"त्याले सरकारची मदत भेटन ते?"

"त्याचीच चूक ठरली तं कायची मदत?"

मायनं पदर तोंडात धरला. एकीकडे लेक, एकीकडे भाऊ. ती कोणाचंच नाव घेईना. उठली, डबा भरला आणि म्हणे, "मले विचारू नको वं, पोरी. मले नको विचारू."

ते दोन दिवस मी कशी राह्यली, मलेच माहीत. पोलिसाची गाडी रस्त्यानं गेली तरी मी दाराआड. डोंगल मी तांदळाच्या डब्यात लपवलं, मंग काढलं, मंग उशीत खुपसलं, मंग तिथूनही काढलं. असं वाटे आपून डोळा लावला की ते आपोआप सही करन. हॉल तिकीट मात्र मी प्लॅस्टिकमध्ये घालून पर्समध्ये ठेवलं. तेवढी हुशारी बरोबर सुचली.

चौकशीच्या दिवशी अधिकारी मॅडम वॉर्डातच आल्या, संगं लॅपटॉप आणि एक लिहिणारा माणूस. लालसिंग भाऊ दाराशी उभे होते, टोपी हातात. नागोराव खिडकीपाशी. मामा खाटेवर, डोळ्यावर पट्टी. माय त्याच्या पायाशी.

मॅडमनं लॅपटॉपवर चिठ्ठी उघडली. तीच हिरवी टिक. मामाले विचारलं, "श्रावणजी, ही सल्ला चिठ्ठी तुम्हाला कोणी वाचून दाखवली होती का? दोन औषधं मिसळायला तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी मामाकडे पाह्यलं. तो उत्तर देईन आणि सगळं होऊन जाईन. मले वाटलं आता तो म्हणन, माह्या भाचीनं. मी पर्समधलं हॉल तिकीट घट्ट धरलं.

मामा म्हणे, "नाई सायेब. चिठ्ठी-बिठ्ठी मले माहीत नाई. मी आपल्या मनानं मिसळलं."

"नक्की?"

"नक्की. अडाणी माणूस हावो मी. माही चूक हाये."

लिहिणाऱ्या माणसाचा पेन चालू झाला. दाराशी लालसिंग भाऊनं श्वास सोडला, तो मले इथवर ऐकू आला. नागोराव खिडकीबाहेर पाहू लागला. मायनं माझ्याकडे पाह्यलंच नाई. म्हंजे मामाले कोणीतरी सांगतलं होतं, का त्याले आपोआपच समजलं, मले आजवर कळलं नाई. पट्टीखाली त्याचे डोळे कोणीकडे होते तेही कळत नव्हतं.

मले फक्त गप बसायचं होतं. तोंड उघडायचंही काम नव्हतं. मॅडमनं लॅपटॉप बंद करायले हात लावला.

"मॅडम, तो खोटं बोलून राह्यला," मी म्हटलं. आवाज माझा आहे असं मलेच वाटेना. "चिठ्ठी खरी आहे. त्यानं माझं नाव पाह्यलं म्हून मिसळलं. नागोराव काका साक्षीले आहेत."

"प्रियंका, चूप!" मामा खाटेवरून उठू पाहत होता. हात हवेत, मले शोधत. "सायेब, पोट्टी घाबरली हाये, तिचं ऐकू नका!"

घाबरली तं होतीच. मी पर्समधून डोंगल काढून मॅडमसमोर ठेवलं. "हे माझं. मी स्वतःहून लालसिंग भाऊले देल्लं होतं. पासवर्डही मीच देल्ला. बटन त्यायनं दाबलं, मी तवा अमरावतीले होती, त्याचा कागद आहे. पण सही माझी नाई असं मी म्हणणार नाई."

लालसिंग भाऊ दाराच्या चौकटीले टेकले आणि खालीच बसले.

मॅडमनं लॅपटॉपवरचा हात काढला. मंग शांतपणे म्हणे, "तुम्हाला कळतंय ना याचा अर्थ? तुमच्यावरही गुन्हा नोंद होऊ शकतो. नोकरीच्या अर्जात तो लिहावा लागतो."

"कळते."

"मग जबाब लिहून द्या. खाली सही करा."

लिहिणाऱ्यानं कागद पुढे केला. मी जबाब वाचला, परत्येक ओळ, मायनं शिकवल्यासारखा. मंग पेन घेतला. हात इतका हालत होता की माझं नाव ओळीच्या खाली गेलं, 'रामटेके' तं कोणाले वाचता येऊ नये असं झालं. लिहिणाऱ्यानं मी दाखवलेल्या हॉल तिकिटावरची सही पाह्यली, ही पाह्यली.

"मॅडम, हे जुळत नाई."

मॅडमनं कागद पाह्यला. "असू द्या. माझ्यासमोर केली आहे."

मामाचा हात अजून हवेतच होता. मी तो धरला. त्यानं माझी बोटं चाचपली, पेनाची शाई लागली होती त्या बोटावर थांबला.

"काहून केलं वं?" तो म्हणे. रडत होता, पट्टी आणखी ओली झाली. "मले तं एकच नाव वाचता ये. तेबी आता दिसत नाई. तुह्यं तरी चांगलं राहू द्यायचं होतं."

मी त्याचं बोट धरून कागदावर नेलं, जिथी माझी वाकडी-तिकडी सही होती, आणि तिच्यावरून फिरवलं. शाई ओली होती, ती त्याच्या बोटाले लागली.